थकव्याचे मोजमाप आणि विसाव्याचा अधिकार

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड या गावाजवळून एकीकडे नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि दुसरीकडे गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग असे रहदारीचे दोन मोठे ओघ रात्रंदिवस वाहतात, आणि भोवतालच्या शिवारात झाडीपट्टीचे धान पिकते. त्यामुळे मानवी श्रमाचे जितके प्रकार अभ्यासकाला एका ठिकाणी पाहावेसे वाटतील, तितके येथे सहज दृष्टीस पडतात. आषाढ-श्रावणात चिखलात वाकून पऱ्ह्यांची रोवणी करणाऱ्या बाया, वैशाखात पहाटेपासून तेंदूपान तोडून त्याचे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणारी व फळीवर, म्हणजे संकलनाच्या ठिकाणी, नेऊन मोजून देणारी कुटुंबे, धानाची पोती पाठीवर वाहणारे हमाल, रात्रभर ट्रक हाकणारे चालक आणि मालगाडीच्या इंजिनात सिग्नलावर दृष्टी लावून बसलेले लोको पायलट, हे सारेच थकतात. परंतु एकाचा थकवा दुसऱ्याच्या थकव्यासारखा नसतो, आणि त्यांच्यापैकी कोणालाही, कामाच्या ऐन मध्यावर, आपण किती थकलो आहोत याचा दुसऱ्याला पटेल असा पुरावा देता येत नाही.

हा पुरावा आता शरीरावरच मिळविता येईल, असे आश्वासन घेऊन गेल्या दशकात एक नवी विद्याशाखा पुढे आली आहे. पाण्याने भरलेल्या मऊ बहुवारिकाची, म्हणजे हायड्रोजेलची, पातळ पट्टी त्वचेवर चिकटवावी, तिने स्नायूंचे, हृदयाचे, घामाचे व पापण्यांचे संकेत टिपावेत आणि त्यासाठी लागणारी वीज तिने बाहेरच्या घटावाचून शरीराच्या हालचालीतून, उष्णतेतून किंवा घामातून स्वतःच निर्माण करावी, अशी ही कल्पना आहे. तिचा उगम, तिची आजवरची सिद्धी, तिच्या मर्यादा आणि सौंदडसारख्या गावी तिचा उपयोग होण्यासाठी आवश्यक असलेल्या अटी यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्ध्या तासाचा प्रश्न

थकव्याचे यांत्रिक मोजमाप सुरू झाले ते इटलीतील तूरिन येथे, १८८४ च्या सुमारास. तेथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो याने माणसाचा हात फळीवर बांधून, मधल्या बोटाने ठरावीक तालावर वजन उचलावयास लावून, प्रत्येक उचलीची उंची काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेखाटणारे यंत्र तयार केले. त्या रेषा हळूहळू खुज्या होत जात आणि अखेर बोट हलेनासे होई. ही उतरती रेषा प्रत्येक माणसाची निराळी असते, आणि बौद्धिक श्रमानेही बोटाची शक्ती घटते, हे मोस्सोने दाखविले. पण या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष त्याचा सहकारी आर्नाल्दो मॅजोरा याच्या प्रयोगांतून निघाला. तीस वेळा वजन उचलून पूर्ण गळून गेलेल्या स्नायूला पूर्ववत होण्यास दोन तास लागत असतील, तर पंधरा उचलींनंतरच थांबलेल्या स्नायूला एक तास नव्हे, अर्धाच तास पुरतो, असे त्याला आढळले. श्रम निम्मे आणि विसावा मात्र चौथाई. शक्ती संपण्यापूर्वी घेतलेला विसावा हा संपल्यानंतर घेतलेल्या विसाव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, हा त्याचा इत्यर्थ. थकवा मोजण्याच्या सगळ्या खटाटोपाचे खरे प्रयोजन या एका निष्कर्षात सामावले आहे, असे आमचे मत आहे.

योगायोग असा की, त्याच १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज केला, आणि त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाच्या विसाव्याची मागणी होती. कोणतेही यंत्र हाताशी नसताना, केवळ अंगाच्या साक्षीने, त्या कामगारांनी मॅजोराच्या निष्कर्षाशी जुळणारी मागणी केली होती. साप्ताहिक सुट्टी १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी मान्य केली, १८९१ च्या कायद्याने तिला सरकारी अधिष्ठान मिळाले, आणि पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाच तासांच्या सलग कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा अशा तरतुदी केल्या. मोटारवाहतुकीतील कामगारांसाठी असाच कायदा १९६१ मध्ये झाला. म्हणजे थकव्याचे पहिले सार्वजनिक मोजमाप घड्याळाने झाले. ते स्थूल होते, व्यक्तिभेद जाणत नव्हते. परंतु त्याचा एक मोठा गुण असा होता की, घड्याळात पाच तास भरले की विसावा हा हक्काने मिळे, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

शरीर काय सांगते

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थकव्याचे एकच रासायनिक कारण सापडेल अशी आशा होती. स्नायूतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील संशोधनासाठी ए. व्ही. हिल व ऑटो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि हे आम्लच थकव्याचे मूळ असा समज दीर्घकाळ टिकला. आज तो तसा उरलेला नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९२७ पासून १९४७ पर्यंत चाललेल्या थकवा-प्रयोगशाळेने धावपटूंपासून वाळवंटातील धरणावर राबणाऱ्या मजुरांपर्यंत अनेकांची परीक्षा केली, आणि थकवा ही एक वस्तू नसून अनेक निरनिराळ्या अवस्थांना दिलेले एक नाव आहे, असाच बोध त्या कामातून झाला.

म्हणून आजचे संवेदक थकवा थेट मोजत नाहीत. त्याच्या खुणा मोजतात. स्नायू दीर्घकाळ आकुंचित ठेवला की त्यातील विद्युत्-संकेतांची लय मंदावते, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ हान्स पायपर याने १९१२ मध्येच नोंदविले होते, आणि स्नायुतंतूंतून संकेत वाहण्याचा वेग घटल्याने असे होते, हे पुढे स्पष्ट झाले. हमालाच्या खांद्यावर किंवा रोवणी करणारीच्या कमरेवर लावलेली पट्टी हीच खूण शोधील. चालकाची गोष्ट निराळी. त्याचे स्नायू ताजे असूनही मेंदू पेंगुळतो, आणि तेथे पापण्या ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक मिटलेल्या राहण्याचे प्रमाण ही १९९४ पासून प्रचलित असलेली कसोटी, मेंदूतील संथ तरंगांची वाढ आणि हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरांची अनियमितता या खुणा उपयोगी पडतात. तिसरी जात उष्णतेची. शरीरातील पाणी व क्षार घामावाटे निघून गेले की हृदयाची गती चढते व अंगातील बळ सरते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांजवळ जाणाऱ्या या जिल्ह्यात तेंदूच्या हंगामात ही जात सर्वांत घातक ठरते.

पाण्याने भरलेले जाळे

या खुणा टिपण्यासाठी हायड्रोजेलच का, हे समजावयास सब्जाचे बी पाण्यात टाकून पाहावे. त्याभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत, पाणी धरून ठेवणारा थर उमटतो, तो निसर्गाने केलेला हायड्रोजेलच होय: लांब रेणूंचे सैल जाळे आणि त्याच्या घरांत अडकलेले पाणी. धातूची तार कडक असते आणि तिच्यातून विद्युत्कण धावतात; शरीर मऊ असते आणि त्यात वीज आयनांच्या रूपाने वाहते. हायड्रोजेल मऊही आहे आणि त्याच्यातही आयनच वाहतात, म्हणून त्वचा व यंत्र यांच्यामधला तो स्वाभाविक दुवा ठरतो. ग्रामीण रुग्णालयात हृदयाचा आलेख काढताना छातीवर चिकटविल्या जाणाऱ्या गोल पट्ट्यांतील ओलसर थर हा त्याचाच साधा प्रकार आहे.

माणसाच्या शरीरासाठी असे जेल प्रथम बनविले ते चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लिम यांनी. त्यांचा प्रबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातूनच डोळ्यांवर बसविण्याची मऊ भिंगे निघाली. परंतु पाणी भरलेले हे जाळे फार ठिसूळ असे. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांनी २००३ मध्ये एक ताठ व एक सैल अशी दोन जाळी परस्परांत गुंफून ते बळकट केले, आणि २०१२ मध्ये हार्वर्ड येथे समुद्रशेवाळातील अल्जिनेट व पॉलिअॅक्रिलमाइड यांच्या मिश्रणाने मूळ लांबीच्या वीस पटींहून अधिक ताणले जाणारे जेल सिद्ध झाले. त्याच २०१२ साली, तुटले असता काही सेकंदांत स्वतःला पुन्हा सांधणाऱ्या जेलवरचा एक प्रबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आम्लधर्मी पाण्यात त्याचे तुकडे जुळत आणि आम्लता घटविली की सुटत; आणि त्याच्या लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी संबंध असलेल्या रघुनाथ माशेलकर व आशीष लेले यांची नावे आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावी.

वीज कोठून येते

स्वयंविद्युत् पट्टीचे चार मार्ग आज प्रमुख आहेत. पहिला घर्षणविद्युतेचा. दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांस स्पर्शून विलग झाले की त्यांच्यावर विरुद्ध भार साचतात. या जुन्या अनुभवावर अमेरिकेत झाँग लिन वाँग यांनी २०१२ मध्ये लघुजनित्र उभारले, आणि २०१७ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी रबरी आवरणात हायड्रोजेल कोंडून, मूळ लांबीवर ११६० टक्क्यांपर्यंत ताणली जाणारी पारदर्शक पट्टी सादर केली. दुसरा मार्ग दाबाचा: जेल दाबले की त्यातील जलद व मंद आयन वेगवेगळ्या अंतरांवर सरकतात आणि दाब स्वतःच संकेत बनतो. तिसरा उष्णतेचा: शरीर व हवा यांच्या तापमानांतील भेदाने जेलमधील विद्राव्य क्षारांवर विद्युद्दाब उत्पन्न होतो, आणि लोहाच्या सायनाइड-क्षारांच्या सुपरिचित जोडीत तो दर अंशास सुमारे १.४ मिलिव्होल्ट असतो. चौथा घामाचा: घामातील लॅक्टेटचे एन्झाइमाच्या साह्याने ऑक्सिडीकरण करून वीज मिळविण्याचे प्रयोग कॅलिफोर्नियात जोसेफ वाँग यांच्या प्रयोगशाळेत २०१४ च्या सुमारास यशस्वी झाले. त्यांत सोय अशी की, इंधन जितके अधिक तितकी वीज अधिक, आणि म्हणून वीज हेच मोजमापही होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या साहित्यात ज्यास स्वयंविद्युत् म्हणतात ते बहुधा संवेदनेपुरते असते: पट्टी ताणली की संकेत आपोआप उमटतो, त्यासाठी घट लागत नाही. परंतु तो संकेत वाचणे, साठविणे, त्याचा अर्थ लावणे आणि बिनतारी मार्गाने भ्रमणध्वनीकडे पाठविणे या कामांना जी वीज लागते ती या जनित्रांच्या सूक्ष्म उत्पन्नातून अखंड भागणे अद्याप कठीण आहे. बाजारात येणाऱ्या कोणत्याही वस्तूची परीक्षा करताना, स्वयंविद्युत् नेमके काय आणि कोठपर्यंत, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला पाहिजे.

शिवारातील कसोटी

आता या चार मार्गांना सौंदडच्या ऋतुचक्रात उभे करून पाहू. वैशाखात दुपारी हवा त्वचेपेक्षा अधिक तापलेली असते. त्वचेचे तापमान सामान्यतः तेहतीस-चौतीस अंश. सकाळी हवा त्याच्या जवळ आली की तापमानभेद नाहीसा होतो आणि उष्णतेवर चालणारी पट्टी मुकी होते, दुपारी तर विद्युद्दाबाची दिशाच उलटते. म्हणजे ज्या वेळी तेंदूपान तोडणाऱ्याला इशाऱ्याची सर्वाधिक गरज, त्याच प्रहरी हा मार्ग बेभरवशाचा. त्याच उन्हात जेलमधील पाणी उडून जाते व त्याची वाहकता बदलते. ग्लिसरीन किंवा लिथियम क्लोराइड मिसळून हे वाळणे लांबविता येते, पण घामाने ओथंबलेल्या, कपड्याशी सतत घासणाऱ्या त्वचेवर दिवसभर टिकण्याची हमी त्याने मिळत नाही. पावसाळ्यात रोवणीच्या वेळी प्रश्न उलटा होतो. हवेतील ओलाव्याने घर्षणाचा भार झिरपून जातो, बांधीतील पाणी व चिखल पट्टीखाली शिरतात, आणि चिकटपणा सुटला की स्नायूच्या संकेतात हालचालीचा गोंगाट मिसळतो. घाम हे इंधन उन्हाळ्यात मुबलक, पण त्यातील लॅक्टेट मुख्यतः घर्मग्रंथीतच तयार होत असल्याने त्यावरून स्नायूंच्या श्रमाचा निवाडा करणे धाडसाचे ठरते.

याचा अर्थ हे मार्ग टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. ऋतूनुसार दोन मार्ग एकत्र योजावेत, दाबाचा संकेत आवरणात बंदिस्त ठेवून ओलाव्यापासून वाचवावा, आणि जेलमध्ये न जुळलेल्या अॅक्रिलमाइडचा अंश त्वचेस अपायकारक असल्याने तो काढून टाकण्याचा दंडक कडक असावा, असे उपाय संशोधकांपुढे आहेतच. मागणी एवढीच की, वातानुकूलित दालनातील कसोटी ही अखेरची कसोटी मानू नये.

निवाड्याचा दर्जा

संकेत मिळाल्यानंतरचे काम, म्हणजे त्यावरून ‘थकला’ किंवा ‘थकला नाही’ असा निर्णय देणे, हे आज संगणकाला शिकविलेल्या प्रतिमानांकडे सोपविले जाते, आणि अशा प्रबंधांत अचूकतेचे आकडे बरेच उंच असतात. परंतु त्या प्रतिमानाला खरे उत्तर कोण सांगते? बहुधा तोच माणूस, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांच्या सहा ते वीस अंकांच्या श्रममापनपट्टीवर आपल्याला काय वाटते त्यावर बोट ठेवून. यंत्राच्या ज्ञानाच्या मुळाशी थकलेल्याचा शब्दच असतो. शिवाय अशा परीक्षांत सहभागी होणारी माणसे सहसा थोडी, तरुण व निरोगी असतात, आणि थकवाही बैठका किंवा धावपट्टी यांसारख्या प्रयोगशाळेतील व्यायामाने आणलेला असतो. रक्तक्षय असलेली, पन्नाशी ओलांडलेली, अर्धपोटी रोवणीला आलेली बाई त्यांच्यात नसते. तिच्या स्नायूची उतरती रेषा कशी असेल हे त्या प्रतिमानाला कोणी शिकविलेले नसते. मोस्सोने दाखविलेला व्यक्तिभेद येथे पुन्हा समोर उभा राहतो. तेव्हा शीव येथील केंद्रीय श्रम संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि पुण्याची रासायनिक प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन, याच झाडीपट्टीत, याच हंगामांत, कामकऱ्यांच्या संमतीने व त्यांची मजुरी न बुडविता दीर्घ परीक्षा घेणे हे या विषयातील सर्वांत निकडीचे काम आहे.

इशारा कोणाच्या हाती

लोहमार्गावर सावधपणाची यंत्रणा पूर्वीपासून आहे. इंजिनातील दक्षता-यंत्र चालकाकडून सुमारे मिनिटभर कोणतीच क्रिया झाली नाही तर आधी दिवा, मग आवाज आणि शेवटी ब्रेक या क्रमाने हस्तक्षेप करते. ते अपघात टाळते, आणि त्यासाठी त्याचे मोल मोठेच आहे. पण चालक झोपेच्या उंबरठ्यावर आल्यानंतर ते जागे होते, कामाची पाळी कशी लागली व आधीच्या मुक्कामी झोप किती मिळाली याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्वचेवरील पट्टी त्याच्या कितीतरी आधी इशारा देऊ शकेल. परंतु तो इशारा चालकाच्या मनगटावर जाणार की मालकाच्या दप्तरात, यावर सगळे अवलंबून आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी माहितीचा वापर संमतीवाचून करण्यास वाव ठेवलेला आहे. तेव्हा शरीरातील थकव्याची नोंद हजेरीपटाशेजारी जाऊन बसण्यास कायद्याची मोठी आडकाठी नाही. ज्याची रेषा लवकर उतरते त्याला विसावा देण्याऐवजी कामावरूनच कमी करण्याचा मोह अशा नोंदीतून निपजेल, ही भीती काल्पनिक नव्हे.

दुसरीकडे घड्याळाचे जुने संरक्षण सैल होत आहे. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि नोव्हेंबरात केंद्राच्या श्रमसंहिता अंमलात आल्या. बांधीच्या धुऱ्यापर्यंत तर कारखान्याच्या कायद्याची विश्रांती कधी पोहोचलीच नव्हती. गुत्त्याने रोवणी घेतलेल्या बायांना दर विसाव्याची किंमत आपल्याच मजुरीतून मोजावी लागते, आणि कमरेवरच्या पट्टीने कितीही वेळेवर इशारा दिला तरी हा हिशेब बदलत नाही.

म्हणून आमचा निष्कर्ष असा आहे. हायड्रोजेलच्या या संवेदकांचे खरे मोल मॅजोराने सांगितलेला तो मध्यबिंदू, जेथे अर्ध्या तासाच्या विसाव्याने दोन तासांची गळाठ टळते, प्रत्येक शरीरासाठी स्वतंत्रपणे शोधून देण्यात आहे. घड्याळाला जे कधीच जमले नाही ते त्यांना जमेल, अशी आशा बाळगण्यास पुरेसे शास्त्रीय कारण आहे. परंतु त्यांच्याबरोबर तीन गोष्टी आल्या पाहिजेत: नोंदीवर पहिला हक्क अंगावर पट्टी धारण करणाऱ्याचा असावा, तिच्या आधारे घेतलेल्या विसाव्याची मजुरी कापली जाऊ नये, आणि तासांच्या कायदेशीर मर्यादेला पर्याय म्हणून तिचा वापर होऊ नये, त्या मर्यादेच्या आतच व्हावा. लोखंड्यांच्या कामगारांनी यंत्रावाचून जे ओळखले ते यंत्राच्या साक्षीने सिद्ध करणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. आणि ती साक्ष थकलेल्याच्या बाजूने ग्राह्य धरली जाईल अशी तरतूद करणे हे कायदेमंडळाचे, श्रमखात्याचे आणि मजुरांच्या संघटनांचे काम आहे. पहिले काम वेगाने चालू आहे. दुसऱ्याचा आरंभ त्याच्या बरोबरीने आणि आजच व्हावयास हवा.